गाण्यावर ठप्पा मारणारे सर

अगं, जरा जवळ सरक. कागदावर लिहिलेलं असलं म्हणून काय झालं, माझं बोलणं जवळ बसूनच ऐकावं लागतं. आणि आधी थोडं रागावून घेऊ दे. पुण्याला गेल्यापासून मावशीला फोन करायला तुला वेळ नसतो, मेसेज टाकायला मात्र असतो, हे काही बरं नाही. बरं, मेसेज तरी काय? ‘मावशी, तुमच्या वाडीच्या पोरांचं एक गाणं मैत्रिणीनं पाठवलं. मस्त आहे. पण शेवटी ठक्‌ असा आवाज येतो. रेकॉर्डिंग बिघडलंय का?’

बिघडलेलं काही नाही, बाई. तो ठप्पा आहे. आमच्या सार्वजनिक वाचनालयाचा जो रबरी शिक्का असतो ना, पुस्तकावर मारतात तो, त्याचा. कशावर मारला ते पुढे सांगते. ज्यांनी मारला ते सर कसे होते हे आधी कळल्याशिवाय तुला त्यातली मजा कळायची नाही, आणि एवढं सगळं अंगठ्यानं टाइप करणं मला जमत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आमची वाडी तू पाहिली आहेस. नागपूरच्या वेशीवर, अमरावती रोडला लागून गोडाऊनच्या रांगा, त्यांच्यापुढे ट्रकच्या रांगा, आणि उरलेल्या फटींमध्ये भाड्याच्या खोल्या करून आम्ही माणसं. मागे येणाऱ्या गाडीचं पीं-पीं, क्लीनरचं ‘आने दो, आने दो’, हमालांची हाळी, ताडपत्रीची फडफड. इथलं तान्हं बाळ हॉर्नवर झोपतं आणि हॉर्न थांबला की दचकून उठतं. इथे नवराबायको भांडतात का गोडीनं बोलतात हे बाहेरच्याला समजत नाही, कारण दोन्ही ओरडूनच करावं लागतं. अशा जागी शांततेचं वेड लागलेला माणूस ग्रंथपाल होऊन यावा, ही मुळातच गंमत होती.

सर उंच, वाळके, पाठीत जरा वाकलेले. सतत कुणाच्या तरी कानाशी बोलायला निघाल्यासारखे. पायात कापडी बूट, त्याच्या तळाला आणखी एक रबराचा तुकडा चिकटवलेला. बोलणं इतकं हळू, की समोरचा माणूसही आपसूक हळू बोलायला लागायचा. भाजीवाला त्यांना भाव सांगायचा तो कानाशी येऊन, आणि आम्हा बाकीच्या बायांना वाटायचं, यांनाच काहून कमी भाव लावून राहिला हा?

त्यांच्या दोन खिशांत दोन वस्तू कायम. उजव्या खिशात मशीनच्या तेलाची चोचवाली कुपी, डाव्या खिशात वाचनालयाचा शिक्का. शिक्क्याला जांभळी शाई लागलेली असायची, म्हणून त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या डाव्या खिशाखाली एक जांभळा डाग होता. धुणाऱ्या बाईनं हात टेकले होते.

तेलाच्या कुपीचा अनुभव मला पहिल्याच आठवड्यात आला. वाचनालयाच्या फाटकासमोर टिनाच्या शेडमध्ये मी मशीन घेऊन बसते, फॉल-पिको, ब्लाउज, पोरांचे गणवेश. एक दिवस हा नवा माणूस आला, बोलला नाही, चालला नाही, वाकून माझ्या मशीनच्या चाकात तेल सोडायला लागला.

“अहो, काय करून राहिले तुम्ही?” मी म्हटलं.

“बाई, तुमच्या मशीनीच्या कुरकुरीनं वर अभ्यासिकेत एका पोराचा भूगोल अडून राहिला,” ते म्हणाले, आणि पायडल एकदा दाबून पाहिलं. मशीन पाण्यासारखी चालायला लागली. मी आभार मानेपर्यंत हे शेजारच्या पंक्चरवाल्याच्या दाराच्या बिजागरीपाशी पोचले होते. पुढे तर शनिवारी ते अख्ख्या गल्लीत फिरायचे. फाटकं, पाळणे, हातगाड्यांची चाकं, काय म्हणशील ते. पाळण्याला तेल घालू द्यायला एक आजी तयार होईना. म्हणे, कुरकुरीशिवाय पोरगं झोपत नाही. सर तिथेही मागे हटले नाहीत. निम्मं तेल घातलं.

दुपारच्या डब्यात केळी. मी विचारलं, “सर, पोळी-भाजी नाही चालत?” तर म्हणाले, “चालते. पण काकडी, पापड वाचनालयात शोभत नाई. केळं पाहा, सोलतानाही चुप्प राहते.” टपरीवर तर्री-पोहे घेतले तर वरचा चिवडा रश्श्यात पार मऊ होईस्तोवर हे थांबून राहायचे. तोवर आमच्या बशा रिकाम्या व्हायच्या.

आणि ती पाटी. ‘शांतता राखा.’ हातभर लांबीची लाकडी पाटी, त्यांनी स्वतः रंगवलेली, त्यांच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेली. रोज सकाळी ती फडक्यानं पुसायचे, तू घरातल्या फोटोंवरची धूळ पुसतेस तशी. माझी शाळा चौथीत सुटली. वाचायला म्हणून मी जे शिकले ते त्या पाटीसमोरच्या बायकांच्या बाकावर बसून, दुपारी ग्राहक नसलं की. त्यामुळे त्या पाटीचा मला धाक होता. पान उलटायचं तरी बोटाला थुंकी लावून हळूच.

आता सांग, असा माणूस पोरांना गायला खोली देईल असं कोणाला वाटेल?

त्याचं असं झालं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आहे. खाली मागच्या बाजूला सायकल स्टँड. तिथे शाळा सुटली की आठवी-नववी-दहावीची पोट्टी जमायची, मोबाइलवर ठेका लावायची आणि रॅप म्हणायची. रॅप म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं भांडण सुरू आहे, फक्त यमक जुळवून. एक दिवस वरून एका पोरानं खिडकीतून ओरडून सांगितलं, “सर, या पोट्ट्यायले हाकला ना. माह्या पोलीस भरतीचा पेपर हाय, अन्‌ हे डोक्यात नाचून राहिले.”

सर बाहेर निघाले. मी मशीन सोडून फाटकापाशी गेले. म्हटलं, आज पाहायला मिळणार. पोरं दप्तरं उचलायला लागली. पण सरांनी हातानंच त्यांना थांबवलं. मग म्हणाले, “बसा. हे आता म्हणून राहिले होते ते कोणाचं हाय?”

“कोणाचं म्हणजे, सर?”

“लेखक कोण?”

असं त्या पोरांना कोणी विचारलं नव्हतं. एकमेकांकडे पाहायला लागली. मग गणवेशातली, घट्ट वेण्या घातलेली एक पोरगी पुढे आली. ती राणी. गोडाऊनमध्ये पोती चढवणाऱ्या गजाननभाऊ हमालाची मुलगी, आमच्याच गल्लीतली. “माहं हाय,” ती म्हणाली.

“छापलं कुठं?”

“छापलं नाई, सर. डोक्यात हाय.”

सरांना खरंच काळजी वाटली. “डोक्यातलं पुस्तक मी वाचकाले कसं देऊ, वं? उद्या तुले ताप आला, तू इसरून गेली, तं नुकसान वाचनालयाचं होईन.”

वाचनालयात मागे एक खोली होती, जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायलींची. छतापर्यंत फायली. समिती म्हणायची रद्दीत घाला, सर म्हणायचे, जुना कागद आवाज पितो, राहू द्या. दरवर्षी मंजूर होणाऱ्या पैशांत ‘दृकश्राव्य साहित्य’ असं एक खातं असतं, त्याला कोणी हात लावत नसे. सरांनी लावला. एक माइक आणला, एक संगणक, कानाला लावायचे हेडफोन. आणि मला म्हणाले, “बाई, दाराले एक पडदा पाहिजे. असा, की त्याच्यातून मुंगीचाही आवाज जाऊ नये.”

मुंगीचा आवाज मला काही माहीत नव्हता, पण वाकळ शिवता येते. गोडाऊनमधलं फाटकं बारदान घेतलं, त्यावर माझ्या सासूची जुनी लुगडी, मग पुन्हा बारदान, आणि दाभणानं शिवून काढलं. इतकी जड झाली, की टांगायला गजाननभाऊला बोलवावं लागलं. सर म्हणाले, “आता तुमी आत जाऊन गा.” मी विहारात जयंतीला बायांमध्ये गाते, तशी गळा मोकळा सोडून दोन गाणी गायले. बऱ्याच वेळानं वाकळ बाजूला करून सरांनी डोकं आत घातलं. “सुरू करा ना, बाई.”

“झालं की गाऊन.”

त्या दिवशी मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले.

आता गंमत ऐक. सरांना गाण्यातलं काही म्हणता काही कळत नव्हतं. पोरं आपली आपणच शिकली, मोबाइलवर पाहून, एकमेकांचं ऐकून, चुकून. सर नुसते स्टुलावर डोळे मिटून बसायचे. म्हणायचे, “सूर-ताल मले समजत नाई. पण कोणी पान गाळून वाचलं तं समजते.” राणीच्या पहिल्या गाण्यात चकचकीत गाडी होती, दुश्मन होते, सोन्याची साखळी होती. गाणं संपल्यावर सरांनी डोळे उघडले.

“तुह्या घरी गाडी हाय?”

“नाई.”

“मंग काय हाय?”

“ट्रक हाय. म्हणजे आमचा नाई, सर. बाबा त्याच्यात माल चढवते.”

“मंग तेच लिव ना, माय. जे हाय ते कोणाले माईत नाई, अन्‌ जे नाई ते साऱ्यायले माईत हाय.”

राणी रुसली. आठवडाभर आली नाही. नंतर आली ती नवं गाणं घेऊनच.

पुरं झालेलं गाणं सरांच्या हिशेबी पुस्तक. त्याला दाखल क्रमांक, त्याचं कार्ड. ज्याला ऐकायचं त्यानं छोटा प्लेअर आणि हेडफोन आठवड्यासाठी घरी न्यायचे, वेळेत परत आणायचे, आणि परत देताना कसं वाटलं ते लेखकाला तोंडानं सांगायचं. शेवटची अट पोरांना फार आवडायची. एक रिक्षावाला रोज येऊन एकच वाक्य सांगायचा, ‘बम भारी हाय’, आणि पोरं रोज नव्यानं लाजायची.

ठप्प्याचं प्रकरण इथूनच निघालं. वाचनालयाच्या पुस्तकावर शिक्का दोन ठिकाणी असतो. एक पहिल्या पानावर, सगळ्यांना दिसेल असा, आणि एक आत कुठल्यातरी पानावर, ग्रंथपालालाच माहीत असलेल्या. त्याला गुप्त पान म्हणतात. पुस्तक पळवणारा पहिलं पान फाडतो, पण गुप्त पान त्याला सापडत नाही. आता गाण्याला पान कुठून आणायचं? यावर सरांनी बरीच केळी खाल्ली. मग एक दिवस पोरांचं रेकॉर्डिंग सुरू असताना त्यांनी शांतपणे खिशातून शिक्का काढला आणि टेबलावर मारला. ठक्‌.

“सर, बीटची वाट लागली ना,” पोरं कळवळली.

“हे गुप्त पान हाय,” सर म्हणाले. “आता कोणीबी म्हणू दे का गाणं त्याचं हाय.”

आधी पोरं चिडली, मग त्यांनी शहाणपणा केला. गाणं रचतानाच ठप्प्यासाठी जागा सोडायला लागली. सगळा ठेका थांबतो, एक श्वास, ठक्‌, आणि पुन्हा सुरू. म्हणजे बघ, तुला जे बिघडल्यासारखं वाटलं त्यासाठी पोरं जीव टाकायची.

पण सगळं असं गोडीत चालत नाही. अभ्यासिकेत जागा कमी आणि पोरं जास्त, हे खरंच होतं. वाचनालय समितीचे अध्यक्ष एक दिवस आले, वाकळ उचलून आत डोकावले, आणि म्हणाले, “सर, तुमचं मन मोठं हाय, मी नाई म्हणत नाई. पण वर पोट्टे जिन्यात बसून अभ्यास करून राहिले. गाण्यानं कोणाले नोकरी लागते? इथं टेबलं टाकू.” माणूस वाईट नव्हता. त्यांची स्वतःची गोडाऊनं होती, त्यांनाही जागेची किंमत माहीत. शेवटी ठरलं असं, की वर्धापन दिनापर्यंत खोली राहील. तोवर वरून एक जरी तक्रार आली तर दुसऱ्या दिवशी टेबलं. आणि वर्धापन दिनाला पोरांनी सगळ्यांसमोर गायचं. लोकांना रुचलं तर खोली राहील, नाही तर नाही.

त्या संध्याकाळी राणी माझ्या शेडमध्ये येऊन बसली. गणवेशाची उसवलेली शिवण उगाच उसवत राहिली. तिच्या घरी एक खोली, पाच माणसं, टिनाची भिंत, पलीकडच्या घराचा टीव्ही. मला म्हणाली, “काकू, त्या खोलीत मले पयल्यांदा माहा आवाज आयकू आला. घरी तं मी बोललेलं मलेच आयकू येत नाई. खोली गेली तं मी कुठं जाऊन आयकू?”

मी म्हटलं, “आधी शिवण उसवणं बंद कर.”

वरून तक्रार येऊ नये म्हणून पोरं हळू गायला शिकली. वाकळ होतीच, तरी भीती. आधी आवाज अर्धा केला, मग त्याच्याही अर्धा, आणि मग ती कुजबुजायलाच लागली. पण कुजबूज म्हणजे रडकी नाही हं. दातओठांवर नाचणारी. शब्द कसे टाचणीसारखे टोचायचे. राणीचं ते ट्रकचं गाणं तिनं त्या कुजबुजीतच बांधलं, कानाशी सांगितल्यासारखं. सर डोळे मिटून ऐकायचे आणि मान डोलवायचे. आवाज काही वाईट नसतो, ते म्हणायचे, फुकट गेलेला आवाज वाईट. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की हेच गाणं उद्या मोकळ्या अंगणात गायचं आहे.

वर्धापन दिन थंडीतला. वाचनालयाच्या अंगणात मंडप, समोर फाटक, फाटकाबाहेर रस्ता, आणि संध्याकाळ म्हणजे गाड्या भरायची वेळ. पुढे खुर्च्यांवर समिती, मागे सतरंजीवर आम्ही, आणि अगदी शेवटी हमाल मंडळी उभी. गजाननभाऊची पोरगी गाणार म्हणून सगळे पाठीवरची पोती टाकून आलेले. गजाननभाऊनं नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा दिसत होत्या.

भाषणं झाली. मग राणी उभी राहिली. ओठ हलले. आम्हाला ऐकू आलं ते ट्रकचं पीं-पीं.

“आवाज,” मागून कोणीतरी म्हटलं. माइकवाल्यानं बटण फिरवलं तर भोंग्यातून अशी किंकाळी निघाली की पुढच्या बायांनी कान झाकले. त्यानं आवाज पुन्हा उतरवला. राणीनं पुन्हा सुरू केलं. बाहेर कोणाचातरी क्लीनर, ‘आने दो, आने दो.’ लोक हसले. हसण्यात दुष्टावा नव्हता, पण पोरीला काय? मी मंडपाच्या कडेनं तिच्याजवळ गेले. “जोरात गा वं, माय.”

“जोरानं येतच नाई, काकू,” ती म्हणाली. डोळे भरले होते. “हे गाणं जोराचं नाईच.”

मागे गजाननभाऊ दुपट्टा पिळत होता, ओला असल्यासारखा. अध्यक्ष खुर्चीवरून उठले, माइकसाठी हात पुढे केला. म्हणायला लागले, “पोरीनं चांगला प्रयत्न केला…” मी सरांकडे पाहिलं. सरांची खुर्ची रिकामी.

तेवढ्यात ते वाचनालयाच्या दारातून बाहेर आले. छातीशी ती पाटी धरलेली. ‘शांतता राखा.’ खिळ्यासकट उपटून आणली होती, मागे चुन्याची भुकटी. कोणाकडे न बघता ते खुर्च्यांच्या मधून निघाले, सतरंजी ओलांडली, हमालांनी वाट दिली, आणि ते फाटकाबाहेर रस्त्यावर, चालू ट्रकच्या तोंडासमोर जाऊन उभे राहिले. चालू ट्रकच्या तोंडासमोर, हातभर पाटी घेऊन. सगळा मंडप मान वळवून त्यांच्याकडे पाहतोय.

ड्रायव्हर पंजाबकडचा, दाढीवाला. खिडकीतून वाकून म्हणाला, “क्या हुआ, बाबूजी? ये क्या लिखा है?”

सर बोलले. त्यांच्या त्याच आवाजात.

“क्या? ज़रा ज़ोर से बोलो.”

सर पुन्हा तेवढ्याच हळू बोलले. जोरानं बोलणं त्यांना येतच नव्हतं, राणीसारखं. ड्रायव्हरनं कानामागे हात धरला, कपाळाला आठ्या घातल्या, आणि शेवटी, अगं, ऐकू यावं म्हणून त्यानं इंजिन बंद केलं.

“बच्ची गा रही है,” सर म्हणाले. आता ते आम्हालाही मंडपात ऐकू आलं. “एक गाना हो जाए, तब तक.”

ड्रायव्हरनं एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. खाली उतरला आणि मागच्या गाडीवर थाप मारली. “ओए, बंद कर. कुड़ी गा रही है.” गजाननभाऊला जाग आली. तो धावला, त्याच्यामागे हमाल धावले. “बंद करा गा, बंद करा.” एकेक इंजिन विझत गेलं, जवळचं, मग पुढचं, मग वळणापलीकडचं. मोठ्या रोडची घरघर तेवढी राहिली, लांबच्या पिठाच्या चक्कीसारखी.

मी लग्न होऊन वाडीत आले तेव्हापासून वाडी अशी कधी ऐकली नव्हती. मंडपाच्या कापडाची फडफड ऐकू येत होती. कुठेतरी दोन गल्ल्या पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कडुलिंबावर पाखरं होती, आणि ती बोलत होती. रोजच बोलत असतील बिचारी.

राणीनं डोळे पुसले, माइक पुन्हा तोंडाशी धरला आणि गायला लागली.

*पाठीवर पोतं, पोत्यात गहू,*
*कोणाच्या घरचा, बाबा, किती दूर नेऊ?*
*गाडी जाते रायपूर, गाडी जाते लांब,*
*बाबा म्हणते, चढवतो मी, तू जराशी थांब.*

एकेक शब्द फाटकापर्यंत जात होता. मग तिचं पालुपद आलं, हमालांची हाळीच ती, पोतं उचलताना म्हणतात तशी. ‘उचल गा भाऊ…’ खोलीत त्याचा ‘हो’ ती स्वतःच कुजबुजायची. पण ज्यांची अख्खी हयात त्या हाळीवर गेली, त्यांची तोंडं गप्प कशी बसतील? “उचल गा भाऊ,” राणी कानाशी सांगितल्यासारखी म्हणाली, आणि मागून, रस्त्यावरून, सगळ्या हमालांच्या छातीतून एकदम निघालं, “हो.”

राणी दचकली. मग हसली. “लाव खांदा…”

“हो.”

माझ्या अंगावर हे लिहिताना आत्ताही काटा आहे. तिचा आवाज टाचणीएवढा आणि त्यांचा ‘हो’ डोंगराएवढा, आणि दोन्ही एकाच गाण्यात मावत होते. वर पाहिलं तर अभ्यासिकेची पोरं खिडकीत, जिन्यात. तो पोलीस भरतीवाला पण होता.

शेवटच्या कडव्यानंतर राणीनं जागा सोडली होती. ठप्प्याची. सवयीनं थांबली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की सर खोलीतल्यासारखे जवळ टेबलापाशी नाहीत. सगळी पोरं फाटकाकडे पाहायला लागली. सर रस्त्यावर उभे, पाटी छातीशी. त्यांनी सावकाश डाव्या खिशातून शिक्का काढला, पाटी उलटी केली आणि तिच्या पाठीवर मारला.

ठक्‌.

तुझ्या फोनमध्ये येतो तो हाच.

मग काय झालं म्हणून सांगू? त्या दाढीवाल्यानं केबिनमध्ये चढून हॉर्न दाबला. त्याच्यामागच्यानं दाबला. अख्ख्या रांगेनं हॉर्न दाबले, टाळ्या, शिट्ट्या, हमालांनी गजाननभाऊला पोत्यासारखं खांद्यावर घेतलं. वाडीनं आयुष्यात केला नसेल एवढा दंगा केला. मला सरांची काळजी वाटली, पाळण्याची कुरकूर न सोसणारा माणूस. मी धावत फाटकाशी गेले. त्यांनी कानांवर हात ठेवले नव्हते. नुसते उभे होते, भिजल्यासारखे. मला पाहून काहीतरी म्हणाले. अर्थातच ऐकू आलं नाही. मी त्यांच्या तोंडाशी कान नेला.

“बाई,” ते म्हणाले, “आज काईच फुकट नाई गेलं.”

अध्यक्षांनी बोलायला पुन्हा माइक घेतला होता, तो खाली ठेवला. सगळं शांत झाल्यावर एवढंच म्हणाले, “खोली राहीन. टेबलं माह्या गोडाऊनमंदी टाकू, पुढचा भाग रिकामा हाय.” आणि बोलल्याप्रमाणे टाकलीही. तो पोलीस भरतीवाला जिना उतरून सरांसमोर उभा राहिला. “सर, हे गाणं इश्यू मिळते काय?”

“कार्ड आणलं?” सर म्हणाले.

एका पोरानं त्या दिवशी रेकॉर्डिंग सुरू ठेवलं होतं. नंतर पोरं गाण्याआधीची ती शांतता कापायला निघाली. म्हणे, इतका वेळ काहीच नाही, लोक पुढे सरकवतील. सरांनी माउसवर हात ठेवला. “तो भाग काढाचा नाई. ते मुखपृष्ठ हाय.” तुझ्या मैत्रिणीनं पाठवलं त्यात ते आहे का, पाहा. सुरुवातीला नीट कान दे. कुकरची शिट्टी ऐकू येते.

पुढे त्या दाढीवाल्या ड्रायव्हरनंच विचारलं, गाडीत ऐकायला मिळेल का? सरांनी त्यालाही कार्ड करून दिलं, पेन ड्राइव्हवर गाणी दिली, परतीच्या फेरीला आणून द्यायचं. मग दुसऱ्यानं मागितलं, तिसऱ्यानं. सर म्हणायचे, गावोगावी शाखा उघडल्या आपण, चाकं लावून. पेन ड्राइव्ह परत यायचे, आणि कधीकधी त्यात एखादं जास्तीचं गाणं असायचं, कोणाच्या तरी लेकीनं तिकडे घरी बसून म्हटलेलं. सर त्यालाही दाखल क्रमांक द्यायचे. पोरांनी गाणी इंटरनेटवर टाकली तेव्हा मला वाटलं आता रागावतील. तर विचारतात, “तिथले वाचक कसं वाटलं ते सांगतात का?” पोरांनी दाखवलं. ते एकेक वाचत बसले, डबा विसरून.

सर निवृत्त झाले, रामटेकच्या पलीकडे त्यांचं गाव आहे, भावाची धानाची शेती, तिकडे गेले. मी मनात म्हटलं, तिथे बेडकांना कुठून तेल घालतील? निरोपाला भाषण केलं नाही. माझ्या मशीनला तेल घातलं, कुपी माझ्या हातात दिली, शिक्का राणीच्या. राणी आता कॉलेजात जाते आणि रविवारी ती खोली चालवते. नव्या पोट्ट्यांना पहिला प्रश्न तोच विचारते, लेखक कोण? आणि ठप्पा मारताना सरांसारखेच डोळे मिटते.

ती पाटी पुन्हा तिच्या खिळ्याला आहे. समोरून पाहशील तर काहीच वेगळं नाही. पण मागे, जिथे कोणी पाहत नाही, तिथे एक जांभळा गोल आहे, जरा वाकडा, कारण उभ्याउभ्या मारलेला. तेच त्या गाण्याचं गुप्त पान. येणाऱ्याजाणाऱ्याला आम्ही ते दाखवत नाही. तुला दाखवीन. राणीला सांगून ठेवते, पाटी मी स्वतः उतरवीन. दिवाळीची वाट पाहू नकोस, येत्या सुटीतच ये, आणि मेसेज टाकत बसू नकोस. गाडीतून उतरलीस की फाटकाशी ये. मशीन चालू असली तरी तुझी हाक मला ऐकू येईल. आता ती कुरकुरत नाही.